जादा वापर

फोन आला तेव्हा तो बाथरूमच्या नळाचा वायसर बदलत होता. ओल्या हातानेच त्याने फोन कानाला लावला आणि पान्हा बेसिनच्या कडेवर ठेवला. विमा कंपनीतला माणूस पाठ केल्यासारखं बोलत होता. गाडी दुरुस्तीपलीकडे गेली आहे, म्हणून पूर्ण नुकसान धरलं आहे, म्हणून कंपनी गाडीची आजची किंमत देईल, आणि ती किंमत अशी अशी. आकडा ऐकून त्याला आधी वाटलं, एखादा अंक ऐकायचा राहिला. "एवढीच?" तो म्हणाला. "पाच वर्षांची गाडी आहे. साधा ओरखडा नव्हता तिच्यावर. बाजारात चौकशी करा, याच्या दुप्पट भाव आहे." पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "बरोबर आहे साहेब, पण तुमच्या गाडीचा जादा वापर आहे ना." "कसला जादा वापर? घर ते बाजार, घर ते दवाखाना. उभीच असते हो ती." "मीटर तसं सांगत नाही," माणूस म्हणाला, आणि त्याने मीटरचा आकडा सांगितला. एक लाख किलोमीटरच्या वर. शिवाय पॉलिसी घेताना त्यानेच वापर कमी असं लिहून दिलेलं होतं, त्यामुळे हप्ता कमी बसत होता, तेव्हा ही माहिती दडवल्यासारखं होतं. "मी म्हणत नाही साहेब, नियमात तसं आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला. नळातून पाणी ठिबकत होतं. दडवल्यासारखं. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आणि आपल्या कानाच्या पाळ्या गरम होतात हे त्याला फार वर्षांनी आठवलं.

आयुष्यभर त्याने वजनमापं तपासली होती. दुकानात त्याने पाऊल टाकलं की गल्ल्यावरचा माणूस उभा राहायचा. पारड्याखाली चिकटवलेलं शिसं, आतून पोखरलेली वजनं, लिटराच्या मापाला तळाशी दिलेला ठोका, पेट्रोल पंपाच्या यंत्रात बसवलेली चिप, सगळं त्याने पाहिलं होतं आणि सगळ्यांवर त्याने तेच तीन शब्द लिहिले होते, माप खोटे आहे. कुणाचा चहासुद्धा त्याने घेतला नाही. त्याच्या खात्यात त्याला मागे 'कोरडा' म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला आवडायचंही. आता निवृत्तीला वर्ष झालेलं असताना कुणा परक्या माणसाने फोनवर, सुट्टे परत द्यावेत इतक्या सहज, त्यालाच सांगितलं होतं की तुमचं माप खोटं आहे.

बायको बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसली होती. तिचा उजवा हात झोळीत होता, खांद्याचं हाड मोडलं होतं. मंडईमागच्या सिग्नलला एक टँकर लाल दिव्यातून तसाच पुढे आला होता आणि त्याने ती चालवत असलेली गाडी पोस्टाच्या भिंतीपर्यंत ढकलत नेली होती. दवाखान्यात जमलेल्या माणसांसमोर तो म्हणाला होता, "गाडीचं काय, गाडी परत येईल, माणूस महत्त्वाचं." ते म्हणताना त्याला स्वतःबद्दल जरा बरंही वाटलं होतं. "कुणाचा फोन?" तिने विचारलं. "विमावाले. अडाणी आहेत सगळे. मीटर चुकीचा वाचलाय आणि मला खोटं ठरवतायत." खिडकीतून खाली कुणीतरी स्कूटर पुसत होतं, तिकडे ती बघत राहिली. ती काही बोलली नव्हती हे त्याच्या लक्षात यायलाही बरेच दिवस जावे लागले. तेव्हा त्याने फक्त टॉवेलला हात पुसले आणि टेबलाशी बसून कंपनीला पहिलं पत्र लिहायला घेतलं.

त्या पत्राने त्याला तरतरी आली. निवृत्तीनंतर इतकं नीट वाक्य त्याच्या हातून उतरलं नव्हतं. तशाच गाड्यांच्या जाहिराती त्याने कापून जोडल्या, मुद्दे मांडले, शेवटी 'कळावे' लिहून खाली हुद्द्यासकट सही ठोकली. सकाळी दाढी करून, शर्ट खोचून तो टेबलाशी बसू लागला. कंपनीचं उत्तर यायचं, तो प्रत्युत्तर द्यायचा. मध्येच बायकोला औषध द्यायची वेळ झाली की तो उठायचा, गोळी तळहातावर ठेवायचा, पाण्याचा पेला पुढे करायचा, आणि डोक्यात पुढच्या परिच्छेदाची जुळवाजुळव चाललेली असायची. तिची वेणी घालायला शेजारची बाई येत असे. एकदा ती आली नाही तेव्हा बायकोने त्याला विचारलं, "जरा केस बांधून द्याल?" तो म्हणाला, "एवढं वाक्य संपवतो." वाक्य संपवून तो उठला तेव्हा तिने डाव्या हाताने केस कसेबसे गुंडाळून पिन लावली होती, आणि ती पिन दातांनी उघडल्यामुळे तिच्या ओठाला लागलं होतं. तेही त्याने पाहिलं, आणि आता ओरडायचं कुणावर हे न कळून तो परत टेबलाशी गेला.

मुलीचा फोन यायचा. ती दुसऱ्या गावात, नवऱ्याबरोबर. "बाबा, सोडून द्या ना आता," ती म्हणाली. "आई वाचली. अजून काय पाहिजे?" "तत्त्वाचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "मला लबाड म्हणतायत ते. लेखी." "आई कशी आहे?" "बरी आहे," त्याने मागे वळून न बघताच सांगितलं. मुलगी म्हणाली, "मला तिचा दुपारचा फोन नाही येत आता. गाडी कडेला लावून करायची ती. मागे ट्रकांचा आवाज असायचा." "कुठून करायची?" "मी कधी विचारलं नाही," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात एक सावधपणा होता, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना असायचा तसा. त्याने विषय बदलला. ट्रक काय, बाजाराच्या रस्त्यालाही असतात.

मीटर आपण स्वतः पाहिल्याशिवाय या बाबतीत खात्रीने काही म्हणता येणार नाही, म्हणून तो अपघातातल्या गाड्या ठेवतात त्या आवारात गेला. गावाबाहेर पत्र्याचं कुंपण, आत ओळीने चेपलेल्या गाड्या, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचं छत आत बसलेलं, आणि सगळ्यांवर खडूने नंबर. त्याची गाडी कोपऱ्यात होती. डावी बाजू अशी आत गेली होती की तिथे कुणी बसलेलं असतं तर, हा विचार त्याच्या मनात आला आणि मग लगेच दुसरा आला, की तिथे बसणारा तोच होता, दुसरं कोण, पण तो तर कधी बसतच नव्हता. मुलगी लग्न होऊन गेली त्या वर्षी त्याने ही गाडी बायकोच्या नावावर घेतली होती. तुला सोय होईल, म्हणाला होता. त्याला स्वतःला गाडी चालवायचा कंटाळा. ऑफिसला खात्याची जीप यायची. आवारातल्या माणसाने बाहेरून बॅटरी जोडून दिली, काट्यांच्या मागे हिरवट उजेड पडला, आणि आकडा दिसला. फोनवर सांगितला होता तोच. त्याने चष्मा काढून, पुसून, पुन्हा पाहिला. आत वास तिचा होता, तिच्या पावडरीचा, आणि त्याच्या खाली उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा. पायाखालच्या मॅटमध्ये तांबूस बारीक खडी रुतली होती, तशी खडी गावातल्या कुठल्याच रस्त्याला नव्हती. दाराच्या खणात एक काळा चष्मा होता, काडीला टेप लावलेला, म्हणजे बराच वापरलेला. तिला काळ्या चष्म्यात त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो त्याने खिशात घातला, मग काढून परत खणात ठेवला, आणि खण नीट बंद होत नव्हता म्हणून दोनदा आपटला.

यंत्रं बिघडतात, परतताना बसमध्ये तो स्वतःला समजावत होता. काटे सरकतात, तारा घासतात, आकडे उड्या मारतात. गाडीचा मिस्त्री लेखी देईल की मीटर बिघडलेला होता. पण मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मीटर कशाला बिघडेल? टायर बाई दोनदा बदलून गेल्या. हायवेची गाडी, घासणारच." "मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला. मिस्त्रीला प्रश्नच कळला नाही. "तुम्हाला काय सांगायचं? गाडी बाईंची," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. रस्त्यावर येऊन तो बराच वेळ एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. एवढ्या वर्षांत हजारो मापं त्याच्या हाताखालून गेली, सगळी खोटी मापं मालकाच्या फायद्याची होती. मालकाच्या विरुद्ध खोटं बोलणारं एकही माप त्याला कधी भेटलं नव्हतं. हे त्याला लख्ख कळलं, आणि पायरीवरून उठून तो घराच्या उलट दिशेला चालू लागला.

चालताना त्याला दुपारी आठवू लागल्या. म्हणजे त्या त्याच्या नव्हत्याच, दुपारी तो ऑफिसात असायचा. त्याला आठवत होत्या त्या संध्याकाळी. तो जिन्यावरून वर यायचा, ती दार उघडायची, चहाचं आधण ठेवलेलं असायचं. तिचे केस विस्कटलेले असायचे, आणि त्याला वाटायचं, झोपून उठली असेल. तिच्या उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग डाव्यापेक्षा काळा पडला होता. कुणाच्या तरी लग्नात तो दहा जणांत म्हणाला होता, "ही बघा, घरात बसून काळवंडली," आणि सगळे हसले होते, तीही हसली होती. तो निवृत्त होऊन घरी बसला तेव्हापासून तिला कामं निघू लागली. बँक. मैत्रिणीची आजारी सासू. आणि दातांचा डॉक्टर. गेल्या वर्षभरात तिच्या दातांवर इतकं काम झालं होतं की अख्खी बत्तीशी नवी व्हायला हवी होती, आणि कुठला दात, असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. परत आली की तो तिला बाकीचं विचारायचा. किल्ली खिळ्याला का नाही लावली, दूध दोन पिशव्या कशाला, पंखा कुणासाठी चालू ठेवून गेलीस. त्यात कटकट होती असं त्याला वाटत नसे. घर नीट चालावं असं वाटणारं कुणीतरी घरात असावं लागतं.

घरी येऊन त्याने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करायच्या अर्जाचा शेवटचा कागद तिच्यासमोर ठेवला. गाडीचा वापर केवळ घरगुती व तुरळक होता, मीटर सदोष होता, असं तिच्या नावाने लिहिलं होतं, खाली सहीला जागा. तिने तो मांडीवर घेऊन वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाली, "हे खोटं आहे."

"कुठे जात होतीस?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"हायवेला लागायचं आणि जायचं. अर्धं पेट्रोल संपलं की वळायचं."

"तिथे कोण असतं?"

"कोण असणार?" ती जरा विचार करून म्हणाली, "टोलनाक्यावरची एक मुलगी ओळखायला लागली होती. हसायची."

"आणि पेट्रोलचे पैसे?" हे त्याच्या तोंडून गेलं, आणि गेल्याबरोबर त्याला कळलं की एवढ्या प्रश्नांतून आपण हा निवडला. "माझ्या शिकवण्यांचे," ती म्हणाली. खालच्या मजल्यावरची चार पोरं गणिताला यायची तिच्याकडे. ते पैसे कशावर खर्च होतात हे त्याने विचारलं नव्हतं, आणि आपण विचारत नाही याचाही त्याला अभिमान होता.

"पण कशासाठी?" त्याचा आवाज चढला. "सांग ना. काय होतं तिथे? कुणी माणूस आहे का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं, नाही?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. "तिथे मला कुणी काही विचारत नव्हतं हो. एवढंच. वाकायचं असेल तिथे रस्ता वाकतो. मी रोज जायचे आणि रोज वळायचे. एकेक दिवस पेट्रोल अर्ध्याच्या खाली गेलं तरी नाही वळावंसं वाटायचं. मग वळायचे." तिने कागद टेबलावर ठेवला, घडी सारखी केली. "असं लिहा की तुम्हाला माहीत नव्हतं. ते खरं आहे. त्यावर मी सही करते. तुम्हाला कुणी लबाड म्हणणार नाही."

तो नवा कागद घेऊन बसला. मला माहीत नव्हते, एवढंच लिहायचं होतं. त्याने ते लिहिलं, आणि मग कुणीतरी ते वाचेल असं त्याच्या डोळ्यासमोर आलं. फोनवरचा तो पाठ केल्यासारखा बोलणारा माणूस वाचेल, शेजारच्या टेबलावरच्याला दाखवेल. एवढा मोठा निरीक्षक, गावभरची मापं तपासायचा, आणि घरातून गाडी पृथ्वीला दोन फेऱ्या मारून आली तरी याला पत्ता नाही. लबाड म्हटलेलं एक वेळ चालेल. लबाड माणसाला निदान लोक वचकून असतात. आणि ती म्हणाली तेही खरंच होतं, कुणी माणूस असता तर बरं झालं असतं, त्याला नाव असतं, पत्ता असता, जाऊन त्याचं दार ठोठावता आलं असतं. रस्त्याचं काय करायचं? त्याने कागद फाडला आणि तुकडे खिशात घातले, कचऱ्यात तिला दिसू नयेत म्हणून.

अर्ज त्याने तिच्या सहीशिवायच धाडला. सुनावणीला कंपनीने दोघांनाही बोलावलं होतं, कारण गाडी तिच्या नावावर होती. सातव्या मजल्यावरची खोली, खिडक्या न उघडणाऱ्या, गार हवेच्या जाळीला बांधलेली कागदाची पट्टी फडफडत होती. तक्रार अधिकारी त्यांच्या मुलीच्या वयाची एक बाई होती. चष्मा डोक्यावर सरकवलेला, बोलणं मऊ. तिने त्याची सगळी पत्रं वाचलेली दिसत होती, काही वाक्यांखाली रेघा होत्या. "काका, तुमचं म्हणणं कळलं," ती म्हणाली. "मीटर बिघडल्याचा पुरावा नाही आपल्याकडे. पण मला एवढंच बघायचंय की माहिती मुद्दाम दडवली का. ते नसेल तर मी बरंच काही करू शकते." मग ती बायकोकडे वळली. "काकू, गाडी इतकी चालली हे बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," बायको म्हणाली. "सगळी मीच चालवली. ह्यांना माहीत नव्हतं."

अधिकारी बाईने मान हलवली, पेन उचललं. त्याला वाटलं, तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. कदाचित हललंही नसेल. "तिच्या डोक्याला मार लागलाय," तो म्हणाला. आपला आवाज त्याला ओळखीचा वाटला, दुकानात पंचनामा सांगताना लागायचा तो. "वरून दिसत नाही, आतून लागलाय. गोंधळ होतो तिचा. झालेलं, न झालेलं, सगळं एक करते. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. मी घरात कुणाला सांगितलेलं नाही." इतकं सरळ, न अडखळता, तो अधिकाऱ्याच्या टेबलासमोर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता, आणि ते किती सोपं आहे याचंच त्याला नवल वाटत होतं.

अधिकारी बाईचा चेहरा बदलला. ती पुढे वाकली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "काकू, पाणी, घेता का, थोडं?" बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग तो शोधत होता, म्हणजे त्याला उत्तर देता आलं असतं. राग नव्हता. अनोळखी फाट्यावर गाडी हळू करून पाटी वाचावी तसं तिने त्याचं तोंड वाचलं, आणि वाचून झाल्यावर ती पुन्हा समोर बघू लागली. "नको," ती म्हणाली. त्यानंतर ती काहीच बोलली नाही, आणि तिच्या गप्प बसण्याने त्याचं म्हणणं आपोआप खरं ठरत गेलं.

बाकीचं भराभर झालं. काकांची इतक्या वर्षांची सरकारी नोकरी, घरात हा प्रसंग, संशयाचा फायदा. दडवल्याचा शेरा काढला, कापलेली किंमत जवळजवळ सगळी परत धरली. "काकूंची सही लागेल," अधिकारी बाई म्हणाली, आणि झोळीतल्या हाताकडे बघून तिने स्वतःच सुधारलं, "त्यांच्या वतीने तुम्हीच करा." "मला डाव्या हाताने येते," बायको म्हणाली. पण कागद तोवर त्याच्याकडे वळवला गेला होता, आणि त्याने सही केली. तिचं नाव त्याने आपल्या अक्षरात पहिल्यांदाच लिहिलं. चांगलं आलं होतं. लिफ्टपर्यंत सोडायला आलेली अधिकारी बाई त्याच्या कानाशी म्हणाली, "तुमचं कौतुक वाटतं, काका. किती सांभाळता." आणि त्याने मान खाली घालून ते कौतुक घेतलं.

खाली टॅक्सी मिळाली. त्याने मागचं दार उघडून धरलं. बायको दाराला वळसा घालून पुढे गेली, डाव्या हाताने पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसली, पट्टा ओढताना तिला त्रास झाला तेव्हा ड्रायव्हरने तो लावून दिला. तो मागे एकटाच बसला. सगळ्या रस्त्याने त्याला तिच्या मानेवरचा अंबाडा दिसत होता, शेजारच्या बाईने घट्ट बांधलेला. बोलावं असं त्याला वाटत होतं. आपण जिंकलो, असं म्हणावं का? पैसे आले की दुसरी घेऊ, तुला हवी ती? त्याने घसा खाकरला. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं, तिने पाहिलं नाही. ती काच खाली करून बसली होती आणि तिचा मोडका खांदा खड्ड्यागणिक दुखत असला पाहिजे, पण ती पुढच्या रस्त्याकडे अशी बघत होती की स्टिअरिंग तिच्याच हातात असावं.

गाडी त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी थांबली. त्याने पाकीट काढलं. "राहू दे," ती पुढूनच म्हणाली. "मी देईन." तो उतरून तिच्या बाजूला आला आणि दाराच्या कडीला हात घातला, तर तिने दार आतून ओढून धरलं होतं. "ह्यांना इथे उतरायचं होतं," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मला पुढे जायचंय. हायवेला घ्या." "अगं, हा हात असा," तो म्हणाला, "निदान औषध तरी," आणि त्याला दिसलं की तिची पिशवी तिच्या मांडीवर आहे, आणि ती नेहमीपेक्षा भरलेली आहे. "जाते मी," ती म्हणाली. ड्रायव्हरने एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि तिचं ऐकलं.

टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो फाटकात उभा होता. वॉचमन खुर्चीवरून उठला. त्याने हातातली छत्री भिंतीला टेकवली आणि विचारलं, "साहेब, बाई नाही आल्या?"

"येतेय," तो म्हणाला. "मागून येतेय."

आणि तो भराभर जिना चढू लागला, पुढचा प्रश्न यायच्या आत.